कोरीटची माती, खंभातचा तळ

नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटला समुद्र नाही. सर्वांत जवळचा समुद्र सुरतेच्या पलीकडे, दीडशेहून अधिक किलोमीटरवर. तरीही या शिवाराचं समुद्राशी नातं फार जुनं आहे. पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरींत काळ्या रानातून जे गढूळ पाणी निघतं, ते ओढ्या-नाल्यांनी तापीला मिळतं. मुलताईहून निघालेली तापी प्रकाशा ओलांडून उकाईच्या जलाशयात शिरते, तिथून सुटली की सुरतेवरून खंभातच्या आखातात जाते. उकाईचं धरण १९७२ साली उभं राहिलं. त्याआधी हजारो वर्षं खानदेशची माती बिनअडथळा समुद्रात जात होती. आखाताच्या आणि त्याच्या दक्षिणेकडच्या समुद्रतळावर भूवैज्ञानिकांना जी चिकणमाती मोठ्या प्रमाणात सापडते, तिचं नाव स्मेक्टाइट. दख्खनचा काळा कातळ झिजून ती तयार होते. ओली झाली की फुगते, वाळली की तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडलेलं रान ज्याने पाहिलंय, त्याला या मातीची वेगळी ओळख करून द्यायला नको.

हा गाळ थरावर थर बसत गेला आणि त्याखाली बरंच काही गाडलं गेलं. बुडालेली जहाजं आणि नांगर, वाहून आलेले ओंडके, आणि समुद्राची पातळी खाली होती तेव्हाची नदीची जुनी पात्रंसुद्धा. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा खंभातचं आखात कोरडी जमीन होती आणि तापी आजच्या मुखाच्या कितीतरी पुढे जाऊन समुद्राला मिळत होती. ते पात्र आज पाण्याखाली, आणि त्यातही गाळाखाली आहे.

एवढ्या खालचं पाहायचं कसं? उजेड इथे कामाचा नाही. आखाताचं पाणी इतकं गढूळ की पाणबुड्याला स्वतःचा हात दिसण्याची मारामार. भावनगरजवळ भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक दहा मीटरच्या वर जातो आणि तेवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होताना तळ सतत ढवळत राहतो. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरतात, म्हणून रडारही बाद. उरतो तो आवाज. समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने, आणि फारसा न थकता. १९१२ साली टायटॅनिक बुडालं. त्यानंतर दोनच वर्षांनी रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी पाण्यात आवाज सोडून हिमनगावरून परत आलेला प्रतिध्वनी टिपला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्यांचा माग काढायला क्वार्ट्झच्या स्फटिकापासून आवाज काढणारी आणि ऐकणारी यंत्रणा बनवली. आजच्या सोनारची मुळं तिथे आहेत.

सोनार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तळाचं छायाचित्रासारखं चित्र येतं. ते साइड स्कॅन सोनारचं. टॉर्पेडोच्या आकाराचं एक उपकरण दोराने बोटीमागे ओढतात, ते डाव्या-उजव्या बाजूला आवाजाचे पंखे सोडतं आणि तळावर जे उंच आहे त्याच्या मागे काळी सावली पडते. त्याचा आवाज उंच पट्टीचा, एक लाख ते पाच लाख हर्ट्झ किंवा त्याहूनही वर. त्यामुळे चित्र बारीक येतं. पण हा आवाज चिखलाच्या पृष्ठभागावरूनच मागे फिरतो. वीतभर गाळाखाली गेलेली वस्तू त्याला दिसत नाही.

गाळात शिरायचं तर आवाज खालच्या पट्टीत आणावा लागतो, दोन हजार ते पंधरा-सोळा हजार हर्ट्झच्या आसपास. हे काम सब-बॉटम प्रोफायलर करतो. माणसाच्या कानाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणजे हा आवाज बोटीवरच्या माणसालाही ऐकू येतो: ठरावीक अंतराने येणारा, चिमणीच्या चिवचिवाटासारखा एक छोटासा नाद. तो तळावर आपटतो, थोडा मागे येतो, उरलेला आत शिरतो. पुढचा थर आला की पुन्हा थोडा मागे येतो. आवाज कुठे परततो हे दोन गोष्टींवर ठरतं: पदार्थाची घनता आणि त्यातला आवाजाचा वेग. या दोहोंच्या गुणाकारात जिथे एकदम फरक पडतो, तिथून प्रतिध्वनी येतो. मऊ चिखलाखाली वाळू आली, वाळूखाली खडक आला, चिखलात लोखंडी तोफ आली, की कागदावर रेघ उमटते.

मऊ गाळात हा आवाज काही दहा मीटर खाली जातो. भरड वाळूत मात्र तो काही मीटरांतच दमतो, आणि खडकाच्या आत त्याला वाटच नसते. शिवाय पट्टी जितकी खाली, तितकी नजर जाड. साडेतीन हजार हर्ट्झच्या आवाजाची लहर सुमारे त्रेचाळीस सेंटिमीटर लांब असते. तिला हाताएवढं मडकं वेगळं करून दाखवता येणार नाही. साइड स्कॅनच्या एक लाख हर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर. खोली हवी की बारकावा, ही निवड सर्वेक्षकाला रोज करावी लागते. आता दोन उंच पट्टीचे आवाज एकाच वेळी सोडून त्यांच्या फरकातून खालच्या पट्टीचा, पण अरुंद झोत तयार करणारी उपकरणं आली आहेत. त्यांनी ही अडचण कमी केली, संपवली नाही.

गाडलेल्या वस्तूची खूण नोंदीत कशी दिसते ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, समुद्रतळाखाली गाडलेला एक लोखंडी पाइप उपकरणाच्या बरोबर खाली सहा मीटरवर आहे. आवाज जाऊन यायला बारा मीटर, म्हणजे एका सेकंदाच्या हजारातले आठ भाग लागतात. आता बोट पाइपापासून आडवी आठ मीटर दूर असताना काय होतं? आवाजाचा झोत पसरट असल्याने पाइपावरून तेव्हाही प्रतिध्वनी येतो, पण तिरका. काटकोन त्रिकोणाच्या हिशेबाने अंतर भरतं दहा मीटर, आणि वेळ लागतो तेरा हजारांशांहून थोडा जास्त. यंत्राला तिरकं-सरळ कळत नाही, ते वेळ मोजतं आणि तेवढ्या खोलीवर ठिपका काढतं. म्हणून बोट जवळ येताना ठिपके वर चढत जातात, पाइपावर आली की सगळ्यात वर, आणि पुढे गेली की पुन्हा खाली उतरतात. छोट्याशा गोल वस्तूची नोंद अशी कमानीसारखी उमटते. कमानीचा माथा म्हणजे वस्तूची जागा. मुंबई हायपासून उरणपर्यंत आलेल्या तेल-वायूच्या नळवाटांसारख्या गाडलेल्या वाटा तपासताना अशाच कमानी शोधतात. चार-पाच शेजारच्या ओळींत, सरळ रेषेत, सारख्या खोलीवर कमान आली, तर पाइप किंवा केबल असण्याचा संभव दाट. एकाच ओळीत आली तर दगडही असू शकतो.

ओळींचा मुद्दा महत्त्वाचा, कारण सब-बॉटम प्रोफायलरला बोटीच्या पोटाखालची अरुंद पट्टीच दिसते. दोन ओळींमध्ये पन्नास मीटर ठेवले तर मधलं वीस मीटरचं जहाज सरळ निसटतं. म्हणून सर्वेक्षक शेतकऱ्यासारखं तासाला तास लावून नांगरत जातो, मग आडवं, आणि प्रत्येक तासाची जागा उपग्रहाच्या मदतीने नोंदवतो. वेळखाऊ काम आहे, आणि ते घाईने केलं तर न झाल्यासारखंच.

या तंत्राची एक मोठी पुरातत्त्वीय कमाई इंग्लंडमधली. आठव्या हेन्रीची मेरी रोझ ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी पोर्टस्मथजवळ बुडाली. चार शतकांत ती गाळाने पूर्ण झाकली गेली, तळावर काहीच दिसत नव्हतं. अलेक्झांडर मॅककी यांनी १९६५ साली शोध सुरू केला. १९६७ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे हॅरॉल्ड एजर्टन यांच्या सोनारने तळाखाली एक वेगळा आकार दाखवला. तिथून पाणबुडे खणत राहिले, आणि जहाजाची लाकडं प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसली ती मे १९७१ मध्ये. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी सांगाडा पाण्याबाहेर आला. सोनारच्या नोंदीपासून लाकडापर्यंत चार वर्षं लागली, आणि त्या काळात मॅककींच्या माणसांनी नोंदीलाच जहाज मानलं नाही. त्यांनी खणून पाहिलं. या साऱ्या क्षेत्रात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही शिस्त.

आता आपल्या तापीच्या मुखाकडे. १९ मे २००१ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी जाहीर केलं की खंभातच्या आखातात पाण्याखाली प्राचीन वस्तीचे अवशेष सापडले आहेत. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेची बोट प्रदूषणाच्या सर्वेक्षणासाठी आखातात फिरत होती. किनाऱ्यापासून सुमारे वीस किलोमीटरवर, तीस-चाळीस मीटर खोलीवर, साइड स्कॅन सोनारवर चौकोनी, सरळ रेषांचे आकार उमटले. सब-बॉटम नोंदीही घेतल्या. पुढे त्याच भागातून ड्रेजरने तळ खरवडून वस्तू वर काढल्या: खापऱ्या, दगड, हाडं, लाकूड. एका लाकडाच्या तुकड्याचं वय सुमारे साडेनऊ हजार वर्षं निघालं, आणि जगातलं सर्वांत जुनं शहर सापडलं अशी चर्चा सुरू झाली.

पुरातत्त्वज्ञांनी तेव्हाच आक्षेप घेतले, आणि ते आजही खोडले गेलेले नाहीत. जोरदार प्रवाहाच्या तळावर वाळूचे नियमित उंचवटे तयार होतात. नोंद घेतानाच्या बिघाडातूनही सरळ रेषा उमटतात. ड्रेजरने ओरबाडलेली वस्तू नेमकी कुठल्या थरात होती हे कुणालाच सांगता येत नाही. आणि लाकूड साडेनऊ हजार वर्षांचं आहे म्हणून शेजारची खापरी तेवढी जुनी ठरत नाही. तापी, नर्मदा, मही, साबरमती या नद्या प्रत्येक पुरात झाडं वाहून आणतात. ती गाळात रुततात आणि हवा न लागल्याने टिकतात. सातपुड्यात कोसळलेलं एखादं झाड खंभातच्या तळात सापडणं हा चमत्कार नव्हे, नदीचं ते रोजचं काम आहे.

हे ज्यांना फार तांत्रिक वाटेल, त्यांनी तापीच्या काठावरचं प्रकाशा आठवावं. तापी-गोमाई संगमावरचं हे गाव दक्षिण काशी म्हणून भाविकांना ठाऊक आहे. १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी इथलं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड खणलं. सगळ्यात खाली ताम्रपाषाणयुगातली रंगवलेली मडकी, त्यावर लोखंड वापरणाऱ्यांचा थर, त्यावर ऐतिहासिक काळाचा. कुठली खापरी कुठल्या थरातली हे नोंदलेलं असल्याने तापीकाठच्या वस्तीची कालरेषा पक्की झाली. प्रकाशाच्या टेकाडात जुनं शहर सापडल्याची बातमी झाली नाही, पण तिथला निष्कर्ष सत्तर वर्षं टिकला. खंभातच्या बातमीचं पंचवीस वर्षांनंतरही ज्ञानात रूपांतर झालेलं नाही. दोन्हीकडे नदी तीच. फरक थर राखून खणण्याचा. आखातात तसं उत्खनन झालं, तर एखादी खरी जुनी वस्ती निघूही शकेल, कारण तिथे कधीकाळी जमीन होती हे निर्विवाद आहे. पण ते निघेपर्यंत प्रतिध्वनीला फक्त पत्ता म्हणायचं, पुरावा म्हणायचं नाही.

गोव्यात दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हेच काम वेगळ्या रीतीने केलं. त्यांच्या सागरी पुरातत्त्व विभागाने द्वारकेपासून विजयदुर्गपर्यंत पाण्याखाली तपास केला. गोव्याच्या सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज काळच्या जहाजाचे अवशेष मिळाले: तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात. पाणघोडा आफ्रिकेतला, म्हणजे जहाजाची वाट एका दातावरून कळली. सेंट जॉर्ज रीफवर भाजक्या मातीच्या वस्तू सापडल्या, त्यांतल्या काहींवर ‘बासल मिशन टाइल वर्क्स १८६५’ असा शिक्का होता. जहाज १८६५ नंतर बुडालं हे सांगायला दुसऱ्या साक्षीदाराची गरज उरली नाही. दोन्ही ठिकाणी खडक असल्याने सोनारचं काम मर्यादित. पाणबुड्याच्या हाताला लागलेल्या वस्तूने निकाल दिला.

पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे. सेंद्रिय पदार्थांनी भरलेल्या या चिखलात जीवाणू मिथेन तयार करतात. वायूचे बारीक बुडबुडे गाळात अडकून राहतात. बुडबुडा आवाजाला फार जोराने परतवतो आणि विखुरतो, त्यामुळे वायू असलेल्या थराखालचं सगळं धूसर होऊन जातं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात असे पट्टे ठिकठिकाणी नोंदले गेले आहेत. तिथे सब-बॉटम प्रोफायलर कितीही महागाचा आणला तरी वायूखालचं दाखवत नाही. मग चुंबकमापक लावावा लागतो, किंवा थेट बोअर घ्यावा लागतो.

जुन्या शहरांपेक्षा या यंत्राची तातडीची गरज आपल्याला दुसऱ्याच कारणाने भासते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी बस पुरात गेल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, तटरक्षक दल, सगळे आले. क्रेनला सुमारे तीनशे किलोचं चुंबक बांधून गढूळ पाण्यात सोडलं गेलं. पहिल्या बसचा सांगाडा नौदलाच्या पाणबुड्यांना ११ ऑगस्टला मिळाला, पुलापासून दीड-दोनशे मीटरवर. बस एवढी मोठी वस्तू इतक्या जवळ, तरी नऊ दिवस. पुराच्या पाण्यात वाळू आणि दगड लोखंडावर किती वेगाने साचतात, याचा तो धडा होता.

१६ जुलै २०२४ रोजी कारवारच्या दक्षिणेला अंकोला तालुक्यातल्या शिरूरला दरड कोसळली आणि एक मालट्रक चालकासह गंगावळी नदीत गेला. सोनार, जमिनीत पाहणारं रडार, ड्रोनवरची उपकरणं, सगळं लावलं. आठ-नऊ दिवसांत नदीतल्या संशयित जागा कळल्याही. पण प्रवाह इतका की पाणबुड्यांना तळापर्यंत टिकता येईना, आणि वर टेकडीभर माती. गोव्याहून ड्रेजर आणावा लागला. २५ सप्टेंबरला ट्रक वर आला. पत्ता आणि पुरावा यांच्यामधले ते दोन महिने एका कुटुंबाने कसे काढले असतील, याची कल्पनाही नकोशी वाटते. उलट, तौक्ते चक्रीवादळात मे २०२१ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात बुडालेला पी-३०५ हा बार्ज गाळावर उघडा होता. तो आयएनएस मकर या सर्वेक्षण जहाजाच्या साइड स्कॅन सोनारने काही दिवसांत शोधला. उघडी आणि गाडलेली वस्तू यांतला फरक एवढा असतो.

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. उत्तरेला सरदार सरोवराचा फुगवटा, मधोमध तापी, प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बॅरेज, पश्चिमेला उकाईचं पाणी. १५ जानेवारी २०१९ रोजी, ऐन संक्रांतीला, धडगाव तालुक्यात नर्मदेच्या पात्रात माणसांनी भरलेली बोट उलटली आणि माणसं गेली. डोहात कुणी बुडालं की आजही गावातले पट्टीचे पोहणारे उड्या घेतात, गळ टाकतात. त्यांच्या हिमतीला तोड नाही. पण पंधरा-वीस मीटर खोल, गढूळ, बुडालेल्या झाडांनी भरलेल्या जलाशयात ही माणसं स्वतःचा जीव पणाला लावतात. छोट्या बोटीला बांधता येईल एवढं साइड स्कॅन सोनार आज मिळतं. ते वापरायला वर्षभर सराव केलेली चार माणसं लागतात. नुसतं यंत्र खरेदी करून गोदामात ठेवलं तर काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट गाळाची. उकाईची मूळ साठवण क्षमता ८,५११ दशलक्ष घनमीटर (दलघमी) होती, नंतरच्या मोजणीत ती ७,४१४ दलघमी भरली. १,०९७ दलघमी, म्हणजे जवळजवळ ३९ टीएमसी जागा मातीने खाल्ली. ही माती खानदेशातली. कोरीटच्या शिवारातलीही तिच्यात असणार. गाळ मोजताना दोन पट्ट्यांचा इको साउंडर वापरतात: सुमारे दोन लाख हर्ट्झचा आवाज मऊ गाळाच्या वरच्या थरावरून परततो, तेहतीस हजारांचा त्यात शिरून कठीण तळापर्यंत जातो. दोन्हींमधलं अंतर म्हणजे ताज्या गाळाची जाडी. याहून खालच्या पट्टीचा प्रोफायलर त्याच बोटीला जोडला, तर गाळाखाली गेलेलं तापीचं जुनं पात्र आणि काठ नोंदवता येतील. प्रकाशासारखी टेकाडं याच काठांवर होती, आणि बुडीत क्षेत्रातल्या किती पांढऱ्या न खणताच पाण्याखाली गेल्या असतील, हे तपासायला त्याची मदत होईल.

यासाठी परदेशाकडे पाहायला नको. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी) धरणांतला गाळ मोजते, खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राला १९१६ पासूनचा वारसा आहे, आणि गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेकडे गाळाखाली पाहण्याची यंत्रंही आहेत, माणसंही. नंदुरबारच्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शोधपथकासाठी एक सोनार आणि त्याचं प्रशिक्षण मागावं. उकाईची पुढची गाळमोजणी होईल तेव्हा महाराष्ट्राच्या हद्दीतल्या पाण्यात सब-बॉटमच्या ओळीही घेतल्या जाव्यात, आणि त्या नोंदी पुरातत्त्व खात्याला मिळाव्यात. तापीकाठच्या ग्रामपंचायतींनी असा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला, तर सुरुवात तिथून होऊ शकते.